एक इमारत, दोन यंत्रणा: पोचारममधल्या तुलनेचा हिशेब

एखाद्या इमारतीने वातानुकूलनात किती वीज वाचवली हे सांगायचं, तर पहिला प्रश्न येतो: कुणाच्या तुलनेत? ज्या इमारतीशी तुलना होते ती बहुतेक वेळा कागदावरच असते. संगणकात एक ‘बेसलाइन’ इमारत उभी करतात. आकार तोच, भिंती आणि काचा नियमावलीच्या किमान दर्जाच्या, एसीची यंत्रणा ठरलेल्या साच्यातली. खरी इमारत या कधीच न बांधलेल्या इमारतीपेक्षा अमुक टक्के चांगली निघते आणि प्रमाणपत्र स्वागतकक्षात लागतं. या पद्धतीत खोटेपणा नाही, पण बेसलाइन जरा ढिसाळ धरली की बचत आपोआप वाढते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

म्हणूनच हैदराबादजवळच्या पोचारम इथल्या इन्फोसिसच्या आवारातली एसडीबी-१ ही कार्यालयीन इमारत अभ्यासायला घ्यावीशी वाटते. अडीच लाख चौरस फुटांच्या आसपासची ही इमारत एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा वाटाव्यात अशा दोन भागांत विभागली गेली. एका अर्ध्यात नेहमीची, पण काळजीपूर्वक केलेली व्हीएव्ही यंत्रणा, म्हणजे थंड हवेचं प्रमाण गरजेनुसार कमी-जास्त करणारी. दुसऱ्या अर्ध्यात रेडिएंट, म्हणजे काँक्रीटच्या स्लॅबमधून थंड पाणी फिरवून स्लॅबच गार ठेवणारी. ऊन तेच, काम तेच, कामाच्या वेळा त्याच. वीज मोजणारे मीटर मात्र वेगवेगळे. गुरुप्रकाश शास्त्री आणि पीटर रम्सी यांनी २०१४ मध्ये ॲश्रे या अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या जर्नलमध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की वातानुकूलनासाठी रेडिएंट बाजूने व्हीएव्हीपेक्षा सुमारे ३४ टक्के कमी वीज घेतली. वर्षाला दर चौरस मीटरमागे साधारण ३९ युनिटच्या जागी २६.

बहुतेक चर्चा या आकड्यापाशीच थांबते. ‘रेडिएंट लावा, एक तृतीयांश वाचवा’ असा त्याचा अर्थ काढला जातो. मला तो अर्थ अर्धवट वाटतो. ही बचत कुठून आली हे तुकड्यातुकड्याने पाहिलं, तर तिचं श्रेय स्लॅबमधल्या पाइपांइतकंच त्या पाइपांना झेपेल एवढाच भार उरवणाऱ्या आराखड्याला द्यावं लागतं.

आधी भिंती, मग यंत्र

पुढचा हिशेब मी १,००० चौरस मीटरचा एक काल्पनिक मजला धरून करतो. त्यातले आकडे पोचारमचे नाहीत. डिझाइन करताना जे नेहमी धरले जातात तेच आहेत.

छताच्या स्लॅबने खोली गार करायची तर तिची ताकद दोन गोष्टींवर ठरते: खोली आणि स्लॅबचा पृष्ठभाग यांच्या तापमानातला फरक, आणि उष्णता पृष्ठभागाकडे जाण्याचा वेग. थंड छतासाठी हा वेग दर अंशाला दर चौरस मीटरमागे साधारण ११ वॅट धरतात. खोली २६ अंशांवर आणि छत २० अंशांवर असेल तर ६ गुणिले ११, म्हणजे ६६ वॅट. छत याहून गार करता येत नाही, कारण मग त्यावर पाणी सुटेल. त्याकडे पुढे येतो. म्हणजे दर चौरस मीटरला ६६ वॅट ही जवळजवळ पक्की कमाल मर्यादा. व्हीएव्हीमध्ये अशी मर्यादा जाणवत नाही. भार वाढला तर मोठा पंखा लावा, मोठा डक्ट टाका. रेडिएंटमध्ये ही पळवाट नाही.

आता काचेची इमारत घ्या. दर्शनी भाग पश्चिमेला, काच अडीच मीटर उंच, बाहेर सावली नाही. उन्हाळ्यात दुपारी चार वाजता पश्चिमेच्या उभ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ५०० वॅटहून जास्त ऊन पडतं. काच त्यातलं निम्मं आत सोडते असं धरलं, तर दर्शनी भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीमागे सव्वासहाशे वॅट आत आले. ही उष्णता काचेलगतच्या चार मीटरच्या पट्ट्यात पसरते, म्हणजे दर चौरस मीटरला दीडशे वॅटहून जास्त. ६६ वॅटच्या स्लॅबने तिथे काय करायचं? काचेजवळ बसणारे तिसऱ्या दिवशी टेबलफॅन मागतील आणि दोष रेडिएंटला देतील.

हीच काच उत्तर-दक्षिण बाजूंना वळवा, उंची निम्मी करा, बाहेरून छज्जा द्या आणि उन्हाची फक्त पाव उष्णता आत सोडणारी काच निवडा. मग तिथे पोचतं ते बहुतांशी आकाशातून विखुरलेलं ऊन, आणि त्याचा भार दहा वॅटच्या आसपास येतो. त्यात माणसांचे सात, दिव्यांचे पाच, संगणकांचे दहा-बारा आणि भिंती-छतातून झिरपणाऱ्या उष्णतेचे काही वॅट मिळवले, की बेरीज ४० च्या घरात. आता ६६ वॅटचा स्लॅब पुरतो आणि थोडी शिल्लकही राहते.

छज्ज्याबद्दल एक जाता जाता. हैदराबाद १७.४ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरंच दक्षिणेला आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडे सरकलेला असतो. ‘उत्तरेच्या खिडकीला सावलीची गरज नाही’ हा युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांतला नियम इथे पूर्ण लागू होत नाही. उत्तरेच्या खिडक्यांनाही बाजूला उभे फिन, म्हणजे सावलीच्या उभ्या पट्ट्या, लागतात. दक्षिणेला काम उलट सोपं. डिसेंबरच्या दुपारीही सूर्य जवळजवळ ४९ अंश उंच असतो, त्यामुळे बेताचा आडवा छज्जा पुरतो.

एसडीबी-१ ची कहाणी वाचताना हा भाग अनेकदा पान उलटून पुढे जावा तसा सुटतो. लांब बाजूंची तोंडं उत्तर-दक्षिणेला, काच मर्यादित, बाहेरून सावली, दिव्यांचा भार कमी: हे सगळं इमारतीच्या दोन्ही अर्ध्यांना सारखं मिळालं होतं. म्हणजे व्हीएव्ही बाजूही त्या काळच्या सरासरी काचेच्या कार्यालयापेक्षा पुष्कळ कमी खाणारी होती, आणि ३४ टक्के बचत तिच्याही पुढची आहे. तुलनेला वजन येतं ते यामुळेच. हरणारा गडी आधीच लंगडा केलेला नव्हता.

हवेने वाहायचं की पाण्याने

आता ४० किलोवॅट उष्णता मजल्यावरून प्लँटपर्यंत, म्हणजे एसीच्या मुख्य यंत्रांपर्यंत, नेण्याचा प्रश्न. एक लिटर हवा एका अंशाने तापते तेव्हा १.२ जूल उष्णता घेते, तर एक लिटर पाणी ४,१८६ जूल, म्हणजे साडेतीन हजार पट. वातानुकूलनात काम करणाऱ्यांना हे पाठ असतं, तरी डक्ट टाकताना त्याचा विसर पडतो.

नेहमीच्या यंत्रणेत १३ अंशांची हवा २४ अंशांच्या खोलीत सोडतात. फरक ११ अंशांचा. ४० किलोवॅट उचलायला सेकंदाला तीन घनमीटर हवा लागते. डक्टमध्ये ती सेकंदाला सात मीटर वेगाने न्यायची तर डक्ट साधारण ६५ बाय ६५ सेंटिमीटरचा होतो. त्यावर इन्सुलेशन, त्याखाली फॉल्स सीलिंग, आणि मजल्याची उंची त्या मानाने वाढते. तेच ४० किलोवॅट पाण्याने न्यायचे, पाणी तीनच अंश तापू द्यायचं, तर सेकंदाला ३.२ लिटर पुरतात. त्यासाठी पाइप लागतो दोन इंची.

पंख्याची वीज काढताना हवेचं प्रमाण आणि दाब यांचा गुणाकार करून त्याला कार्यक्षमतेने भागायचं. तीन घनमीटर, १,००० पास्कल, ६० टक्के कार्यक्षमता: पाच किलोवॅट. रेडिएंट बाजूलाही पंखा लागतोच, कारण माणसांना ताजी हवा हवी. पण ती फक्त श्वासापुरती. ॲश्रेच्या वायुवीजन मानकाप्रमाणे कार्यालयात माणशी २.५ लिटर आणि दर चौरस मीटरला ०.३ लिटर हवा सेकंदाला द्यावी लागते. १०० माणसं आणि १,००० चौरस मीटर धरले की ५५० लिटर. हरित प्रमाणनासाठी ३० टक्के वाढवले की ७०० च्या थोडं वर. म्हणजे तीन घनमीटरच्या जागी पाऊण घनमीटरहूनही कमी. आत सोडणारा आणि बाहेर टाकणारा असे दोन्ही पंखे मिळून दोन किलोवॅट, स्लॅबच्या पाण्याचा पंप एक किलोवॅट. पाचाच्या जागी तीन. नेहमीच्या यंत्रणेतही थंड पाणी एएचयूपर्यंत, म्हणजे हवा गार करून डक्टमध्ये सोडणाऱ्या यंत्रापर्यंत, न्यायला पंप असतोच, तो धरला तर फरक आणखी रुंदावतो.

पंख्याने खाल्लेली वीज शेवटी उष्णताच होते आणि बहुतेक वेळा त्याच थंड हवेत मिसळते. म्हणजे पाच किलोवॅटचा पंखा आधी पाच किलोवॅट वीज घेतो आणि मग चिलरला, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राला, तेवढीच उष्णता बाहेर काढायला लावतो.

इथे व्हीएव्हीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. हा हिशेब पूर्ण भाराचा आहे. पंख्याची वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. हवा निम्मी लागली तर सिद्धांताप्रमाणे वीज एक अष्टमांश. वर्षातले बहुतेक तास भार अर्धवटच असतो, म्हणून चांगली चालवलेली व्हीएव्ही वाटते तितकी खादाड नाही. अडचण ‘चांगली चालवलेली’ या शब्दांत आहे. डक्टमधल्या दाबाचा सेटपॉइंट, म्हणजे ठरवलेला आकडा, कुणीतरी एकदा वर करून ठेवतो, कारण कोपऱ्यातल्या केबिनमधून तक्रार आली होती. नंतर तो खाली कधीच येत नाही आणि घनाचा तो सुंदर नियम कागदावरच राहतो.

चिलरला उंच तापमानाचं पाणी

सात-आठ अंशांनी जास्त गरम पाणी चालतं की नाही, यावर प्लँटरूममध्ये हजारो युनिट ठरतात. नेहमीच्या एएचयूला सात-आठ अंशांचं पाणी लागतं, कारण त्याच कॉइलवर, म्हणजे थंड पाण्याच्या नळ्यांच्या जाळीवर, हवेतला ओलावा काढायचा असतो. स्लॅबला १४ ते १६ अंशांचं पाणी पुरतं.

चिलर म्हणजे उष्णता खालच्या तापमानावरून वरच्या तापमानावर चढवणारा पंप. चढ जितका कमी, तितकी वीज कमी. सात अंशांच्या पाण्यासाठी चिलरमधला वायू पाच अंशांच्या आसपास उकळावा लागतो. तो ४० अंशांवर पुन्हा द्रव होतो असं धरलं तर चढ ३५ अंशांचा. १४ अंशांच्या पाण्यासाठी चढ २८ अंशांचा. आदर्श यंत्राची कार्यक्षमता यात ७.९ वरून १०.२ वर जाते, पाव भागाहून थोडी जास्त वाढ. खरं यंत्र आदर्शाच्या बरंच खाली चालतं, पण सुधारणेचं प्रमाण साधारण तसंच राहतं.

याला एक अट आहे आणि ती बरेच जण विसरतात. १४ अंशांवर चालणारा चिलर वेगळा हवा. एकाच चिलरमधून सात अंशांचं पाणी काढून त्यात परतीचं पाणी मिसळून १४ करणं म्हणजे डोंगर पूर्ण चढून अर्धा उतरणं. स्लॅब सुखाने गार होतो, वीज मात्र सात अंशांचीच लागते. रेडिएंटच्या नावाने झालेल्या प्रकल्पांत पैसे वाचवण्यासाठी दुसरा चिलर गाळला जातो आणि बचतीचा मोठा तुकडा तिथेच जातो.

कोरड्या हवेच्या दिवसांत उंच तापमानाच्या पाण्याचा आणखी एक फायदा आहे. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत हैदराबाद ‘संमिश्र’ हवामानगटात येतं: उन्हाळा कोरडा, पावसाळा दमट, हिवाळा सौम्य. हिवाळ्यातल्या कोरड्या रात्री कूलिंग टॉवर, म्हणजे बाष्पीभवनाने पाणी गार करणारा मनोरा, एकटाच, चिलर बंद ठेवून, १८ अंशांच्या आसपास पाणी देऊ शकतो. सात अंशांच्या यंत्रणेला त्याचा काही उपयोग नाही. स्लॅबला आहे, आणि स्लॅबमध्ये टनावारी काँक्रीट असल्यामुळे रात्री साठवलेला गारवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरवता येतो.

पावसाळा: जिथे डिझाइनची परीक्षा होते

रेडिएंट म्हटलं की भारतात पहिला प्रश्न येतो, ‘छतातून पाणी टपकणार नाही का?’ प्रश्न रास्त आहे. बर्फाच्या पाण्याच्या पेल्याला घाम फुटतो तसाच गार छतालाही फुटू शकतो.

हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन बसते तो दवबिंदू. खोली २६ अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू १५ अंशांच्या जरा खाली. आर्द्रता ५५ टक्के झाली तर १६ अंशांच्या थोडा वर. छताचा पृष्ठभाग २० अंशांवर असेल तर चार-पाच अंशांचं अंतर सुरक्षित राहतं. पण मान्सूनमध्ये बाहेरच्या हवेचा दवबिंदूच २२ अंशांच्या आसपास असतो. ती हवा न सुकवता आत आली तर २० अंशांच्या छतावर पाणी बसणारच.

म्हणून रेडिएंट यंत्रणेचा खरा कणा स्लॅबमध्ये नसतो, ताज्या हवेच्या यंत्रात असतो. या यंत्राला डीओएएस म्हणतात आणि ओलाव्याचा सगळा हिशेब त्याच्याच खात्यावर असतो. आपल्या मजल्याचंच बघा. १०० माणसं श्वासातून आणि घामातून तासाला साडेसहा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. ते उचलायचं आणि खोली ५० टक्क्यांवर ठेवायची, तर आत सोडलेल्या दर किलो हवेत आठ-साडेआठ ग्रॅमच ओलावा असला पाहिजे, म्हणजे तिचा दवबिंदू ११-१२ अंश. बाहेरच्या मान्सूनच्या हवेत तो १७ ग्रॅम असतो. हा फरक सेकंदाला ०.७ घनमीटर हवेतून काढायचा म्हणजे तासाला २६ लिटर पाणी. एका मजल्यावरून, दर तासाला. डीओएएसच्या ड्रेनची पाइपलाइन कुणी उताराविना टाकली असेल तर पहिल्याच जुलैत कळतं.

सगळा ओलावा थेट कॉइलवर काढला तर हे यंत्र महागात पडेल. म्हणून बाहेर जाणाऱ्या, आधीच गार आणि कोरड्या केलेल्या हवेकडून आत येणाऱ्या हवेची पूर्वतयारी करून घेतात. त्यासाठी एन्थाल्पी व्हील लागतं: ओलावा शोषणाऱ्या पदार्थाचा लेप असलेलं, सावकाश फिरणारं चाक. ते उष्णता आणि ओलावा दोन्हींची देवाणघेवाण करतं. चाक चांगलं असेल तर बाहेरच्या आणि आतल्या हवेतल्या फरकाचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग तिथेच मिटतो आणि कॉइलवर उरलेलंच काम येतं. चाक तेव्हाच कामाला येतं, जेव्हा शौचालयं आणि इतर एक्झॉस्टची पुरेशी हवा परत त्याच्यापाशी येते. भिंतीत भोक पाडून थेट बाहेर टाकलेली हवा चाकाला दिसतच नाही.

इथे माझ्या मते या प्रकरणातला सर्वात शिकण्यासारखा निर्णय आहे. नेहमीच्या यंत्रणेत एकच थंड कॉइल दोन कामं करते: उष्णता काढते आणि ओलावाही काढते. ओलाव्यासाठी पाणी सात अंशांचं लागतं, म्हणून उष्णतेसाठीही सगळी यंत्रणा सात अंशांवर चालवावी लागते. खरं तर एकूण भारातला मोठा वाटा नुसत्या उष्णतेचा, आणि तो १५ अंशांवर सहज निघाला असता. छोट्या वाट्यासाठी मोठ्या वाट्याला महाग दरात चालवायचं, असा तो प्रकार. कामं वेगळी केली, की कमी तापमानाचं महागडं पाणी फक्त डीओएएसच्या छोट्या कॉइलला द्यायचं आणि बाकी सगळं उंच तापमानाच्या चिलरवर सोपवायचं. पोचारमच्या ३४ टक्क्यांमागे पाइपांइतकीच ही वाटणी आहे.

नियंत्रणाची रीत सोपी आहे, पण क्रम चुकवून चालत नाही. सोमवारी सकाळी इमारत दोन दिवस बंद राहून आतून दमट झालेली असते. आधी डीओएएस सुरू करायचं, तास-दीड तासात आतली हवा सुकवायची, दवबिंदू खाली आला की मगच स्लॅबमध्ये पाणी सोडायचं. दिवसभर पाण्याचं तापमान आतल्या दवबिंदूकडे पाहून ठरवायचं. दवबिंदू वर सरकला तर पाणीही गरम करायचं. कुणी दार उघडं टाकलं तर स्लॅब लगेच घामत नाही, कारण त्याचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा चार-पाच अंश वर असतो. घाम फुटतो तो आधी दुसरीकडे: भिंतीतल्या मॅनिफोल्डच्या, म्हणजे स्लॅबच्या पाइपांत पाणी वाटणाऱ्या नळीच्या, उघड्या पितळी जोडांवर. तिथे १५ अंशांचं पाणी असतं आणि काँक्रीटचं पांघरूण नसतं. मॅनिफोल्डच्या खोक्याखाली ओलसर डाग दिसला, की ओलाव्याचा कारभार बिघडला आहे, हे बीएमएसच्या, म्हणजे इमारतीच्या संगणकीय नियंत्रणाच्या, पडद्याआधी देखभाल करणाऱ्याला कळतं.

साइटवरचं काम

पाइप क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीनचा, बहुतेक वेळा १६ ते २० मिलिमीटर व्यासाचा, आणि ओळींमधलं अंतर १५० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे दर चौरस मीटरला साडेसहा मीटरहून जास्त पाइप, आपल्या मजल्याला जवळजवळ सात किलोमीटर. तो सळयांच्या जाळीला बांधायचा आणि वर काँक्रीट ओतायचं. एकदा ओतलं की दुरुस्ती नाही.

म्हणून काँक्रीट पडत असताना पाइपात दाब भरून ठेवतात आणि मॅनिफोल्डवरच्या गेजपाशी एक माणूस उभा करतात. व्हायब्रेटरची नळी पाइपाला लागली, कुणाचा पाय किंवा फावडं पडलं, की काटा खाली येतो. अशा वेळी ओतणं थांबवून तो भाग उकरायचा, पाइप जोडायचा आणि जोडाची जागा नकाशावर लिहायची. नकाशा इथे शोभेसाठी नसतो. इमारत सुरू झाल्यावर पार्टिशन लावणारा येतो, दहा मिलिमीटरचा बिट लावतो आणि छतात भोक पाडतो. कुठे पाडायचं नाही हे त्याला कुणी सांगितलं नसेल तर पुढचं वर्णन नको.

छताला रेडिएंट ठेवायचं तर ते उघडं ठेवावं लागतं. फॉल्स सीलिंग खाली आलं की स्लॅब आणि माणूस एकमेकांना दिसेनासे होतात आणि त्या ६६ वॅटचा हिशेब संपतो. उघडं काँक्रीट आवाज परतवतं, त्यामुळे ध्वनीसाठी वेगळे, अधूनमधून टांगलेले पॅनल किंवा मऊ जमीन लागते. दिवे, अग्निशमनाच्या नळ्या, केबल ट्रे सगळं दिसतं, आणि दिसायला नीट करायला वास्तुविशारदाला जास्त वेळ द्यावा लागतो.

खर्चाच्या बाजूने पोचारमच्या निकालाने अनेकांना चकित केलं. मोठे डक्ट आणि मोठे एएचयू गेल्यामुळे रेडिएंट बाजूची यंत्रणा व्हीएव्हीपेक्षा महाग पडली नाही, उलट किंचित स्वस्त पडली. यातही भार कमी असण्याचाच हात आहे. भार दुप्पट असता तर स्लॅबला साहाय्यक पंखे-कॉइल जोडावे लागले असते, आणि मग एका इमारतीत दोन यंत्रणांचा खर्च.

आराम कसा मोजायचा

दोन बाजूंच्या लोकांना विचारलं तेव्हा रेडिएंट बाजूचे लोक तापमानाबद्दल जास्त समाधानी निघाले. कारण मानसशास्त्रात शोधायला नको. माणसाला गारवा नुसत्या हवेचा जाणवत नाही. भोवतालच्या पृष्ठभागांकडे आपलं शरीर सतत उष्णता फेकत असतं. हवा २६ अंशांवर आणि पृष्ठभागांचं सरासरी तापमान २३ असेल तर स्थिर हवेत शरीराला साधारण साडेचोवीस अंशांसारखं वाटतं. थर्मोस्टॅटवर २६ दिसतं, अंगावर थंड झोत नाही, मान धरत नाही. शिवाय हवेचं तापमान जास्त ठेवता येतं, म्हणून आत आणणाऱ्या ताज्या हवेवरचं कामही थोडं हलकं होतं.

मात्र स्लॅब हळू चालतो. संध्याकाळी पाच वाजता अचानक पन्नास पाहुणे सभागृहात आले तर स्लॅब त्यांच्यासाठी पाच मिनिटांत काही करू शकत नाही. अशा खोल्या वेगळ्या ठेवून त्यांना हवेची यंत्रणा द्यावी, हे शहाणपणाचं. मुद्दाम सगळं रेडिएंट करण्याचा हट्ट मला कधीच पटला नाही.

हा आकडा कुठे नेऊ नये

३४ टक्के ही वातानुकूलनाच्या विजेतली बचत आहे, इमारतीच्या सगळ्या बिलातली नाही. शिवाय ती एका पूर्ण जोडणीची बचत आहे: उंच तापमानाचा चिलर, ओलाव्यासाठी वेगळं यंत्र, कमी हवा, मोठा स्लॅब, आणि या सगळ्याआधी हलका भार. यातला एक भाग उचलून दुसरीकडे लावला तर आकडा सोबत येत नाही.

मुंबई, चेन्नई किंवा कोच्चीसारख्या किनाऱ्यावर दमट महिने जास्त आणि बाहेरचा दवबिंदू आणखी वर. तिथेही यंत्रणा चालते, पण डीओएएस मोठं लागतं, इमारतीतली गळती खूप कमी ठेवावी लागते, आणि कूलिंग टॉवरच्या फुकट गारव्याचे तास फारसे उरत नाहीत. खिडक्या उघडण्याची सवय असलेल्या इमारतीत दार-खिडकीला सेन्सर लावून पाणी बंद करण्याची सोय हवी. उपाहारगृह, व्यायामशाळा, लग्नाचं कार्यालय अशा ठिकाणी माणशी ओलावा इतका जास्त असतो, की स्लॅबला मिळणारं काम थोडं आणि हवेच्या यंत्राला फार. तिथे साधी हवेची यंत्रणाच सरळ पडते.

भाड्याने देण्याच्या इमारतीचा प्रश्न सर्वांत अवघड. पोचारमला मालक आणि वापरणारा एकच होता. विजेचं बिल त्यालाच भरायचं होतं, छत उघडं ठेवायचं की नाही हे त्यालाच ठरवायचं होतं. बांधणारा एक आणि भाडेकरू दुसरा असतो तेव्हा पहिला येणारा भाडेकरू आपला इंटिरियर डिझायनर घेऊन येतो, आणि त्याच्या पहिल्याच चित्रात फॉल्स सीलिंग असतं. करारात छताबद्दलची अट घातली नसेल तर स्लॅबमधले सात किलोमीटर पाइप जिप्समच्या वर गार पडून राहतात आणि खाली नवे स्प्लिट एसी लागतात. अशा इमारतीसाठी मी तरी स्लॅबऐवजी छताखाली टांगलेले रेडिएंट पॅनल किंवा चिल्ड बीम, म्हणजे थंड पाण्याच्या नळ्या असलेल्या टांगत्या पट्ट्या, सुचवेन. त्यांचा पाण्याचा हिशेब स्लॅबसारखाच असतो, पण बदलायची वेळ आली तर ते उतरवता येतात.